एमएच-१० ची गाडी, एमएच-११ चा पत्ता

अब्बांची मारुती ८०० जून १९९७ ची. तेव्हा ते आटपाडीला मास्तर होते, म्हणून गाडीचा नंबर सांगलीचा, एमएच-१०. निवृत्तीनंतर ते औंधला घरी आले, गाडीही आली, पण कागदावर पत्ता आटपाडीचाच राहिला. २०१२ आणि २०१७ ला त्यांनी स्वतः जाऊन नोंदणीची मुदत वाढवून आणली. २०२१ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. पुढच्या जूनमध्ये मुदत पुन्हा संपते आहे, हे मला विम्याचा कागद शोधताना कळलं.

आता काम वाढलं. आधी सांगलीचा ना-हरकत दाखला, मग साताऱ्यात वारस म्हणून माझं नाव आणि औंधचा पत्ता, मग तपासणी. अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने विचारलं, "गाडी सांगलीची, तुम्ही खटाव तालुक्यातले. हे कसं?"

त्याला सांगावंसं वाटलं की आमच्या आजोबांच्या काळी आटपाडी आणि औंध एकाच राजाची होती. औंध संस्थान म्हणजे ७२ गावं, पण सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि मध्ये ब्रिटिश मुलूख. औंधहून आटपाडीला जायचं तर घरातून अंगणात जाताना शेजाऱ्याची ओसरी ओलांडावी, तसं. २१ जानेवारी १९३९ ला राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी राज्यघटना देऊन सत्ता रयतेच्या हाती सोपवली. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात नवा मोटार कायदा झाला. तो संस्थानी मुलखाला आपोआप लागू होत नव्हता. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. १९४९ ला साताऱ्यातून दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा काढला, त्यालाच १९६० पासून सांगली म्हणतात. आटपाडी-कुंडल तिकडे गेले, औंध इकडे राहिलं. म्हणून आज एकाच संस्थानातल्या गाड्यांवर दोन नंबर दिसतात.

१९३९ च्या कायद्याचा धाक मुख्यतः भाड्याच्या गाड्यांना होता. बस, लॉरी रस्त्यावर आणायची तर सुस्थितीचा दाखला हवा. दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाईचा सक्तीचा विमा १ जुलै १९४६ पासून आला. आपल्याला आज हेलपाटे घालायला लावतो तो १९८८ चा कायदा, १ जुलै १९८९ पासूनचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं, नंतर दर पाच वर्षांनी गाडी निरीक्षकासमोर उभी करायची. मला हे चूक वाटत नाही. ब्रेक न लागणारी गाडी शाळेसमोरून जाऊ नये. आमच्या भागात जुनी गाडी ही हौस नसून गरज असते, एवढंच.

मिस्त्री चाचांनी दोन दिवस घेतले. ब्रेक शू बदलले, हेडलाइट सरळ केले, हॉर्न वाजता केला, पीयूसी काढून दिली. तरी पहिल्या फेरीत गाडी नापास झाली. बॉनेटखालच्या पत्र्यावर कोरलेल्या चासी नंबरातला एक आकडा गंजाने बुजला होता. निरीक्षकांनी पेन्सिलीने छाप घेऊन पाहिला, तो उठेना. "नंबर वाचता येत नाही तर हीच गाडी कशावरून?" प्रश्न रास्त होता, काय बोलणार? चाचांनी पॉलिश पेपरने हलक्या हाताने गंज काढला. जास्त घासलं तर खाडाखोड वाटेल, ही भीती होतीच. आठ दिवसांनी छाप स्वच्छ उठला आणि गाडी पास झाली.

तोपर्यंत फी बदलली होती. १ एप्रिल २०२२ पासून ६०० चे ५,००० झाले, पर्यावरण कर वेगळा. अब्बांनी ६०० ची पावतीही जपून ठेवली होती, ती अजून डॅशबोर्डच्या खणात आहे.

साताऱ्याच्या नोंदवहीत गाडी माझ्या नावावर चढली, नंबर मात्र एमएच-१० च राहिला. एकाच राज्यात पत्ता बदलला तर नंबर बदलत नाही.

पुढची मुदत जून २०२७. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या मोटारींची फी १०,००० केली आहे. आपा म्हणते, आता भंगारात दे. चाचा म्हणतात, इंजिन चांगलं आहे, पण पायाखालचा पत्रा आतून खाल्लाय, तो आधी बघू. येत्या रविवारी गाडी त्यांच्याकडे न्यायची आहे.