मुलांचे गाणे : कष्ट आणि कौतुक

भगिनींनो, सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्यासारखीने इतिहास काय लिहावा! पण आपल्या पुण्यातील गंधर्व महाविद्यालयाची हकीकत प्रत्येक आईने ऐकावी असे वाटते, म्हणून हे धाडस.

पूर्वी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि ते शिकवतील तेव्हा शिकायचे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले. तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांना गाणे शिकण्यास ठेवले. तेथे त्यांनी अपार मेहनत केली. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गंधर्व महाविद्यालय काढले. अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलिपीची छापील पुस्तके अशी ही गाण्याची रीतसर शाळा. सामान्य घरच्या मुलांना गाण्याचे दार उघडले ते असे.

त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत नाव झालेले असताना त्यांनी रंगभूमी सोडली आणि १९३२ साली पुण्यात गंधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्याच्या आदल्याच वर्षी विष्णु दिगंबर वारले होते. मुलगा दत्तात्रेय, म्हणजे बापूराव, अवघा दहा वर्षांचा. विनायकबुवांनी या गुरुपुत्राला पुण्यात शिकवले. मोठ्या बापाचा मुलगा म्हणून रियाज चुकला नाही; आणि लहान आहे म्हणून मागेही ठेवले नाही. १९३५ साली, चौदाव्या वर्षी, तो जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायला. 'बैजू बावरा' चित्रपटात अमीरखाँसाहेबांबरोबर ज्यांचा आवाज ऐकू येतो, ते हेच द. वि. पलुसकर.

आता माझी गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या वेळी बाईंनी मला सांगितले, "तू नुसते तोंड हलव." त्या दिवसापासून आरतीसुद्धा मी मनातच म्हणते. परवा माझी धाकटी तीन महिने सारेगम घोटून कंटाळली आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "गळाच नाही पोरीला." मला माझ्या बाई आठवल्या. मी रोज दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटे तिच्याजवळ बसू लागले. अजून तिचा निषाद घसरतो, पण षड्ज पेटीला बरोबर मिळतो. मिळाला की मी "वा!" म्हणते, घसरला की "पुन्हा."

भगिनींनो, मंडळाच्या दर महिन्याच्या सभेत एकेका मुलाला गायला लावू या. चुकले तर हसू नये, एवढाच नियम. पहिल्या दिवशी आरती मी मोठ्याने म्हणेन.