डोक्याच्या इजेनंतरची वही

नागपूर-हैदराबाद महामार्ग समुद्रपूर तालुक्यातून जातो आणि जामला त्यातून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. अशा रस्त्यांवर डोक्याला मार लागून वाचलेला माणूस सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या रुग्णालयातून घरी येतो, पण सकाळी सांगितलेलं त्याला दुपारी आठवत नाही. मग घरचे त्याच्याकडून पाढे आणि नावं घोकून घेतात. पाठांतरावर पोसलेल्या आपल्या समाजात घोकून स्मृती परत येते ही समजूत साहजिक आहे. मेंदूच्या इजेनंतरच्या उपचाराचा शंभर वर्षांचा इतिहास मात्र तिच्या विरोधात जातो. गेलेली स्मृती घोकून क्वचितच परत येते. तिचं काम शाबूत राहिलेल्या क्षमतांकडे सोपवावं लागतं.

हा उपचार युद्धांतून जन्मला. पहिल्या महायुद्धात जर्मन मेंदूतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांनी फ्रँकफर्टमध्ये मेंदूला जखम झालेल्या सैनिकांना पुन्हा कामावर उभं करण्यासाठी संस्था काढली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उरल भागात हे काम पुढे नेलं. त्यांचा रुग्ण झासेत्स्की 1943 साली जखमी झाला. एकेक अक्षर आठवून लिहू गेला की तो अडे. हात न उचलता सलग लिही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि शब्द उमटला. डोळ्याला परकी झालेली अक्षरं हाताच्या सवयीत टिकून होती. पुढे पंचवीसएक वर्षं तो लिहीत राहिला. आपलंच लिखाण वाचणं मात्र त्याला कायम जड गेलं.

सरावाने काहीच सुधारत नाही का? सुधारतं, पण बहुधा ज्याचा सराव केला तेवढंच. यादी पाठ करणारा यादीत तरबेज होतो, औषधाची वेळ तरीही विसरतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा विल्सन यांच्या अभ्यासात 143 जणांना ठरल्या वेळी पेजरवर आठवण दिली गेली, तेव्हा 80 टक्क्यांहून अधिक जणांची रोजची कामं आधीपेक्षा जास्त पार पडू लागली. त्यांची स्मृती बदलली नव्हती, व्यवस्था बदलली होती. खेड्यात हे जमणार नाही, हा आक्षेपही टिकत नाही. लिहिता येणाऱ्याला वही पुरते, न येणाऱ्याला मोबाइलचा गजर, चित्रांचा तक्ता आणि वस्तूंची ठरलेली जागा. अवघड आहे ते घरच्यांना हे शिकवणं. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय 1969 साली खेड्यांसाठी डॉक्टर घडवायला निघालं आणि तिथले विद्यार्थी आजही गाव दत्तक घेतात. तिथल्या डॉक्टरांनी अशा रुग्णाला सुट्टी देताना गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत एक वही द्यावी, आणि ती कशी वापरायची हे घरच्यांना व गावच्या आशाताईंना बसवून शिकवावं.