तैनाती पहारा

नागपूरच्या इतिहासांत २७ मे १८१६ ची रात्र विसरतां येण्यासारखी नाहीं. परसोजी भोसल्यांच्या नांवानें कारभार पाहणाऱ्या आप्पासाहेबांनीं त्या रात्रीं इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स याच्याशीं गुप्तपणें तैनाती फौजेचा तह केला. हेतु आपल्या सत्तेच्या रक्षणाचा होता. फौजेचा खर्च नागपूरकरांनीं द्यावयाचा, हुकूम मात्र कंपनीचा! पुढें दीड वर्षानें, २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं, सीताबर्डीच्या टेकड्यांवरून कंपनीचे शिपाई आप्पासाहेबांच्याच सैन्याशीं लढले आणि जिंकले. पहारेकरी शूर होता, शिस्तीचा होता. तो यजमानाचा नव्हता, एवढेंच.

आज घराघरांच्या दारांवर जे टेहळणीचे कॅमेरे बसले आहेत, त्यांच्याकडे पाहतांना हा तह मला आठवतो. सीसीटीव्ही या नांवांतील पहिलीं दोन अक्षरें 'बंद मंडल' या अर्थाचीं आहेत. १९४२ सालीं जर्मनींत पीनमुंडे येथें अग्निबाणांचें उड्डाण दुरून पाहण्यासाठीं ही योजना झाली, तेव्हां तें नांव यथार्थ होतें: कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत एक तार, आणि त्या तारेपलीकडे कोणी नाहीं. १९९६ मध्यें स्वीडनमधील ॲक्सिस कंपनीनें संगणकाच्या जाळ्याला जोडावयाचा कॅमेरा विकावयास काढला. मंडल उघडलें, नांव तेंच राहिलें.

असा कॅमेरा म्हणजे डोळा लावलेला लहानसा संगणकच होय. त्याचा धनी कोण, हें तो परवलीच्या शब्दावरून ओळखतो; चेहऱ्यावरून नव्हे. पुष्कळ कारखान्यांतून तो शब्द सर्वांना एकच देऊन पाठवीत असत, आणि कॅमेरा बसविणारा कारागीर तो बदलण्याची तसदी बहुधा घेत नसे. (कुलूप विकत घेऊन किल्ली त्यालाच टांगून ठेवणारा गृहस्थ आपण वेडा ठरवूं.) २०१६ सालीं 'मिराई' नावाच्या प्रोग्रामानें असल्या साठएक ठराविक जोड्या एकामागून एक लावून पाहिल्या आणि लक्षावधि यंत्रें अंकित केलीं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अशाच अंकित यंत्रांनीं डाइन या अमेरिकन कंपनीवर एकाच वेळीं मागण्यांचा भडिमार केला. इंटरनेटवरील नांवांचे पत्ते सांगण्याचें काम ही कंपनी करीत असे. त्यामुळें ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं स्थळें कित्येकांना कांहीं तास सांपडेनात. आपला कॅमेरा या स्वारीवर गेला होता, याची त्याच्या मालकास गंधवार्ताहि नसावी.

पण फौज स्वारीवर जाते त्याहून ती यजमानाच्या अंतःपुरांत शिरते, तें अधिक भयंकर. फेब्रुवारी २०२५ मध्यें राजकोटच्या एका प्रसूतिगृहांतील स्त्रियांच्या तपासणीचीं चित्रणें टेलिग्रामवर विकलीं जात असल्याचें उघडकीस आलें. पोलिसांनीं पकडलेल्यांपैकीं कांहीं आपल्याच लातूर-सांगलीकडचे निघाले. त्या स्त्रियांना कोणी विचारलें होतें? कॅमेरा तर त्यांच्याच सुरक्षिततेच्या नांवानें लावलेला असावयाचा.

एप्रिल २०२४ मध्यें केंद्र सरकारनें अशा कॅमेऱ्यांची सुरक्षिततेच्या दृष्टीनें प्रयोगशाळेंत परीक्षा करणें आवश्यक ठरविलें, व एप्रिल २०२५ पासून तो नियम अंमलांत आला. नियम चांगला आहे. परंतु तो बाजारांत येणाऱ्या नव्या मालाची परीक्षा घेतो. भिंतींवर आधींच बसलेल्या कॅमेऱ्यांचा परवलीचा शब्द कोणी सरकारी मनुष्य घरीं येऊन बदलीत नाहीं.