पदवीचे अंतर

विद्यापीठाचा इतिहास लिहायचा म्हटले की कुलगुरूंची यादी आणि नामवंत माजी विद्यार्थी, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा इतिहास मात्र जळकोटसारख्या कडेच्या तालुक्यातून पाहावा आणि पदवी घरापासून किती लांब होती, याच मापाने मोजावा, असे मला ठामपणे वाटते. 1956 पर्यंत जळकोटभोवतीचा उदगीर-अहमदपूरचा हा सारा मुलूख बीदर जिल्ह्यात होता. निजामाच्या राज्यात औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज होते, पण पदवी हवी तर हैदराबाद गाठावे लागे. तिथे 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. म्हणजे मराठी मुलाला आधी गाव सोडायचे आणि मग भाषाही. उस्मानियाचा प्रयोग थोर होता, हे कबूल करायलाच हवे. वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा देशी भाषेत शिकवता येते, हे त्याने सिद्ध केले. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारला. पण ही देशी भाषा राज्यातल्या बहुसंख्य प्रजेची नव्हती. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांना ती इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागे.

या वाटेने गेलेले मोठे झाले, हे खरेच. शंकरराव चव्हाण उस्मानियातून वकिलीची पदवी घेऊन आले, चाकूरचे शिवराज पाटील तिथलेच विज्ञानाचे पदवीधर. पण पदवीधरांच्या यादीत पोचलेलेच दिसतात, वाटेत थांबलेले दिसत नाहीत. 1938 साली वसतिगृहात वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानियाने विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. त्यांना उस्मानियाच्या कोणत्या यादीत शोधायचे? ज्यांचे नाव नांदेडच्या विद्यापीठाला आहे त्या स्वामीजींनीही असहकाराच्या हाकेसरशी सरकारी शिक्षण सोडले होते. ते टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकले आणि पुढे हिप्परग्याला, अंबाजोगाईला मुलांना शिकवत राहिले.

निजामाच्या राजवटीतून मुक्ती मिळाल्यानंतर हे अंतर टप्प्याटप्प्याने घटले. 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, पुढे उदगीरलाही महाविद्यालय आले. वर्ग जवळ आला, कचेरी मात्र लांबच राहिली. गुणपत्रिकेवर नाव चुकले, मायग्रेशन सर्टिफिकेट अडले, तर जळकोटहून औरंगाबाद तीनशे किलोमीटरच्या वर. टेबलावरचा माणूस रजेवर असला तर तिथेच मुक्काम. शेतमजुराच्या घरात तेवढा खर्च म्हणजे शिक्षण थांबवायला पुरेसे कारण होते.

17 सप्टेंबर 1994 रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, प्रश्नही त्याच वर्षी 14 जानेवारीला सुटला होता. त्यामुळे हे विद्यापीठ म्हणजे त्या निर्णयाचा तोल सांभाळायला दिलेली भेट, असे कोणी म्हणते. तारखा जवळच्या आहेत, पण गरज तारखांहून जुनी होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: विद्यापीठे वाटत गेलो तर दर्जा पातळ होतो. ही भीती खोटी नाही. पण दर्जा राजधानीच्या इमारतींत मुरलेला नसतो. नरहर कुरुंदकर हैदराबादला शिकायला गेले तेव्हा इंटरला नापास होत राहिले. त्यांच्या विद्वत्तेचे खरे घर झाले ते नांदेड आणि तिथले पीपल्स कॉलेज. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे हेही लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा त्यांचा व्यासंग याच मातीत वाढला.

1999 साली जळकोट स्वतंत्र तालुका झाला, तोवर नांदेडच्या विष्णुपुरीतले हे विद्यापीठ पाच वर्षांचे होते. पूर्वी औरंगाबादच्या मुक्कामाचा विषय निघाला की घरातल्या मुलीचे पुढचे शिक्षण तिथेच संपे. आता सकाळच्या एस.टी.ने नांदेडला जायचे, खिडकीवर अर्ज द्यायचा, शिक्का घ्यायचा आणि दिवेलागणीला घरी परत. तिला परवानगी मिळाली ती या परतीच्या एस.टी.मुळे.