आयव्ही लीग : फुटबॉल आणि शैक्षणिक गुणवत्ता

अमेरिकेच्या ईशान्य भागातील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांची क्रीडा संघटना ‘आयव्ही लीग’ या नावाने ओळखली जाते. १९५४ च्या करारानुसार येथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. खेळाडूंना प्रवेश देताना शालेय व प्रवेशपरीक्षेतील गुणांवर आधारित निर्देशांक पाहिला जातो. अर्थसाहाय्य केवळ गरजेनुसार मिळते. शिष्यवृत्ती देणाऱ्या विद्यापीठांशी स्पर्धा करणे त्यामुळे कठीण होत गेले. १९८२ पासून ही संघटना महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीबाहेर आहे. तरीही १८७५ मध्ये सुरू झालेल्या हार्वर्ड-येल लढतीची प्रतिष्ठा टिकून आहे. राष्ट्रीय बाद फेरीत खेळण्याची मुभा संघांना २०२५ च्या हंगामापासून मिळाली. शिष्यवृत्तीवरील बंदी मात्र कायम राहिली.