दान, अनुदान आणि अधिकार : अमेरिकेतील निर्धन भाडेकरूंच्या विधिसाहाय्याचा इतिहास

१

भाडेकरूस घरातून बेदखल करण्याचा दावा हा दिवाणी दाव्यांपैकी अगदी लहान दावा समजला जातो. त्याचे कामकाज पुष्कळदा काही मिनिटांत आटोपते आणि निकालाची नोंद एका ओळीत मावते. परंतु त्या एका ओळीने एका कुटुंबाचे घर जाते, मुलांची शाळा सुटते आणि कित्येकदा रोजगारही जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा दाव्यात घरमालकाच्या बाजूस वकील आणि भाडेकरूच्या बाजूस कोणीच नाही, हे दृश्य विसाव्या शतकात सर्वसामान्य होते. ही विषमता दूर करण्याचे प्रयत्नही तेथे जुने आहेत. त्यांचा इतिहास बहुधा गाजलेल्या निकालांच्या अनुरोधाने सांगितला जातो. तथापि भाडेकरूच्या वकिलाचे वेतन कोणी दिले, हा प्रश्न त्या निकालांइतकाच महत्त्वाचा आहे. किंबहुना पैसा कोठून आला, यावरच न्यायालयात काय बोलता येईल आणि काय बोलता येणार नाही, हे ठरत गेले, असे हा इतिहास पाहता मानावे लागते.

या विवेचनासाठी मराठीत तीन शब्द आयतेच उपलब्ध आहेत : दान, अनुदान आणि अधिकार. दानात देणाऱ्याची इच्छा प्रधान असते. घेणाऱ्याने पात्र ठरावे लागते. अनुदानात देणाऱ्याच्या अटी प्रधान असतात. रक्कम ठरावीक कामासाठी व ठरावीक मुदतीसाठी मिळते. अधिकारात मात्र मागणाऱ्याचे स्थान प्रधान असते. त्यास नकार द्यावयाचा तर कारण दाखवावे लागते. अमेरिकेतील विधिसाहाय्य या तिन्ही अवस्थांतून गेले आहे. परंतु पुढली अवस्था येताच मागली संपली, असे मात्र झालेले नाही.

२

आरंभ एका भाषिक समाजापासून झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. इ. स. १८७६ मध्ये न्यूयॉर्क शहरातील जर्मन रहिवाशांनी ‘डेर डॉइचे रेख्ट्स-शुट्झ-फेराइन’ या नावाची संस्था स्थापन केली. नव्याने आलेल्या जर्मन स्थलांतरितास तेथील भाषा येत नसे, कायदा ठाऊक नसे आणि त्याचा गैरफायदा घेणारे पुष्कळ असत. अशांपैकी जे निर्धन असतील व साहाय्यास लायक दिसतील, त्यांना विनामूल्य वकील देणे हा संस्थेचा हेतू होता. १८९० मध्ये आर्थर फॉन ब्रीझेन अध्यक्ष झाल्यावर संस्थेचे दार जर्मनेतरांसाठीही उघडले आणि १८९६ मध्ये तिचे नाव ‘लीगल एड सोसायटी’ असे झाले. मूळ जर्मन नावातील ‘शुट्झ’ या पदाचा अर्थ संरक्षण असा आहे. नव्या इंग्रजी नावात त्याच्या जागी साहाय्यवाचक पद आले. शिकागो येथेही अशाच हेतूच्या दोन संस्था १८८६ व १८८८ मध्ये निघाल्या आणि १९०५ मध्ये त्या एकत्र झाल्या.

या संस्था प्रामुख्याने देणगीदारांच्या पैशावर चालत. बॉस्टन येथील विधिसाहाय्य संस्थेत काम केलेले वकील रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनी १९१९ मध्ये ‘जस्टिस अँड द पुअर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विलंब, न्यायालयाचे शुल्क आणि वकिलाचा खर्च या तीन अडथळ्यांमुळे गरिबास न्याय दुर्लभ होतो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. त्या ग्रंथाने वकीलवर्गाच्या सदसद्विवेकास आवाहन केले आणि विधिसाहाय्य संस्थांची संख्या वाढली. परंतु पैशाचे मूळ तेच राहिले. दानावर चालणारी संस्था एकेका अशिलाची अडचण दूर करी. ज्या नियमामुळे ती अडचण पुनःपुन्हा निर्माण होत असे, त्या नियमावर आघात करण्याचे सामर्थ्य वा प्रवृत्ती तिच्यापाशी क्वचितच असे.

३

१९६० नंतरच्या दशकात ही स्थिती पालटली. १९६४ मध्ये एडगर व जीन कान या दांपत्याने येल विद्यापीठाच्या विधिविषयक नियतकालिकात एक लेख लिहून गरीब वस्त्यांत वकिलांची कार्यालये असावीत, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी दारिद्र्यनिर्मूलनासाठी ‘इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट’ संमत झाला. त्या कायद्यान्वये निर्माण झालेल्या, सार्जंट श्रायव्हर यांच्या नेतृत्वाखालील कार्यालयाने १९६५ मध्ये विधिसेवेचा स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतला. क्लिंटन बॅमबर्गर हे त्याचे पहिले संचालक होत. वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेनेही त्याच वर्षी पाठिंबा दिला. केंद्र शासनाचा पैसा अनुदानरूपाने स्थानिक संस्थांना मिळू लागला. ‘साहाय्य’ मागे पडून ‘सेवा’ हा शब्द पुढे आला, तो याच सुमारास. सेवा घेणारा याचक राहिला नाही. तो अशील झाला.

या अनुदानाचे फलित भाडेकरूंच्या कायद्यात त्वरित दिसून आले. वॉशिंग्टन शहरात एका भाडेकरू स्त्रीने घराच्या दुरवस्थेविषयी शासकीय खात्याकडे तक्रार केली. पाहणीत चाळीसहून अधिक दोष आढळले. त्यानंतर घरमालकाने तिला तीस दिवसांची नोटीस दिली. ‘एडवर्ड्स विरुद्ध हबीब’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात १९६८ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की तक्रार केल्याचा सूड म्हणून भाडेकरूस काढता येणार नाही. १९७० मध्ये ‘जॅव्हिन्स’ खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. येथे एका मोठ्या इमारतीत गृहविषयक नियमांचे सुमारे दीड हजार भंग झाल्याचे भाडेकरूंचे म्हणणे होते. दोन्ही निर्णय न्यायाधीश स्केली राइट यांनी लिहिले.

दुसऱ्या निर्णयाचे महत्त्व समजण्यासाठी जुना नियम ध्यानात घ्यावा लागतो. इंग्रजी परंपरेतील कायद्यानुसार भाडेपट्टा हे मुख्यतः जमिनीचे हस्तांतर मानले जाई. जमीन ताब्यात आली की भाडे देणे प्राप्तच. तिच्यावरील घर गळके आहे किंवा उंदरांनी भरले आहे, ही बाब भाडे थांबविण्यास पुरेशी ठरत नसे. राइट यांनी शहरातील भाडेपट्टा हा करार आहे, असे ठरविले. ज्याअर्थी तो करार, त्याअर्थी घर राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे त्यातील गृहीत वचन होय. ते मोडले तर भाड्याची मागणीही दुर्बल होते. हा विचार पुढे बहुसंख्य राज्यांनी स्वीकारला. बेदखलीच्या दाव्यात भाडेकरूस काही बचाव असू शकतो, हे अशा रीतीने प्रस्थापित झाले. मात्र तो बचाव मांडण्यास वकील हवा, ही अडचण त्यामुळे कमी न होता अधिकच स्पष्ट झाली.

४

अनुदानाबरोबर अटीही आल्या. शासनाच्या पैशावर काम करणारा वकील शासनावर व शासनाच्या मित्रांवर दावे लावू लागला, तेव्हा विरोध होणे अपरिहार्य होते. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांसाठी काम करणाऱ्या विधिसंस्थेचे अनुदान राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी डिसेंबर १९७० मध्ये नाकारले. पुढे चौकशी मंडळाने त्यांचे आक्षेप अमान्य केले आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. अशा हस्तक्षेपापासून वकिलांना दूर ठेवावे, या हेतूने स्वतंत्र महामंडळाची कल्पना निघाली. १९७१ चे विधेयक अध्यक्ष निक्सन यांनी नाकारले. परंतु २५ जुलै १९७४ रोजी, पदत्यागाच्या अवघ्या पंधरवडाभर आधी, त्यांनीच ‘लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन’ स्थापन करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली.

महामंडळ स्वतंत्र झाले, तरी त्याची थैली काँग्रेसच्याच हाती राहिली. १९८१ च्या आर्थिक वर्षात त्यास सुमारे ३२ कोटी १० लाख डॉलर मिळाले होते. रेगन अध्यक्ष झाल्यावर त्यांनी ही तरतूद समूळ काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. काँग्रेसने तो मानला नाही, पण पुढील वर्षी रक्कम २४ कोटी १० लाखांवर आली. १९९६ मध्ये याहून गंभीर घटना घडली. रक्कम ४० कोटींवरून २७ कोटी ८० लाखांवर आली आणि तिच्यासोबत निर्बंधांची एक मालिकाच लादण्यात आली. अनुदान घेणाऱ्या संस्थेने सामूहिक दावे लावू नयेत. अनेक वर्गांतील परकीय नागरिकांची बाजू घेऊ नये. अमली पदार्थांच्या आरोपावरून सार्वजनिक गृहसंकुलातून काढल्या जाणाऱ्या भाडेकरूंची वकिली करू नये. आणि कल्याणकारी साहाय्याच्या कायद्यांची वैधता न्यायालयात तपासावयास लावू नये, असे त्यांपैकी काही होत. विशेष म्हणजे हे निर्बंध संस्थेला अन्यत्र मिळालेल्या पैशालाही बहुतांशी लागू होते.

शेवटच्या निर्बंधास आव्हान मिळाले. ‘व्हेलास्केझ’ खटल्यात फेब्रुवारी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो रद्द ठरविला. न्यायमूर्ती केनेडी यांच्या निर्णयाचा आशय असा, की शासन वकिलास पैसा देऊ शकते, परंतु एखादा युक्तिवाद न्यायालयाच्या कानावर पडूच नये अशी अट घालून ते न्यायदानाचेच स्वरूप विकृत करते. सामूहिक दाव्यांवरील बंदी मात्र कायम राहिली. भाडेकरूंच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एका इमारतीतील शंभर कुटुंबांची तक्रार एकच असली, तरी अनुदानित वकिलाने ती एकेकट्याची म्हणूनच मांडावी. १८७६ मधील दानाची मर्यादा १९९६ च्या अनुदानात अशा प्रकारे नियम होऊन परत आली.

५

मग हा प्रश्न अधिकाराच्या भाषेत का मांडला गेला नाही? १९६३ च्या ‘गिडियन’ निर्णयाने गंभीर फौजदारी आरोप असलेल्या निर्धन आरोपीस वकील मिळण्याचा अधिकार मान्य केला. दिवाणी दाव्यांत मात्र न्यायालय तेथवर गेले नाही. घराची घटनात्मक हमी नाही, असे ‘लिंडसे विरुद्ध नॉर्मेट’ या खटल्यात १९७२ मध्ये सांगण्यात आले. शारीरिक स्वातंत्र्य धोक्यात नसेल तेथे वकिलाचा अधिकार गृहीत धरता येणार नाही, असे १९८१ च्या ‘लॅसिटर’ निर्णयाने ठरले. घर जाणे म्हणजे तुरुंगात जाणे नव्हे, या भेदावर हा सर्व विचार उभा आहे.

न्यायालयाचा मार्ग असा बंद झाल्यावर चळवळ नगरपालिकांकडे वळली. तिला संशोधनाचाही आधार मिळाला. न्यूयॉर्कच्या गृहन्यायालयात चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे काही भाडेकरूंना वकील देऊन व काहींना न देऊन तुलना करण्यात आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वकील असलेल्यांपैकी २२ टक्क्यांविरुद्ध, तर वकील नसलेल्यांपैकी ५१ टक्क्यांविरुद्ध अंतिम निकाल गेल्याचे आढळले. याचे एक कारण भाषिक आहे. गृहन्यायालयातील पुष्कळसे दावे न्यायाधीशासमोर नव्हे, तर बाहेरच्या मार्गिकेत मिटतात. तेथे मालकाचा वकील समझोतापत्र पुढे करतो आणि भाडेकरू त्यावर सही करतो. त्या पत्रातील एका वाक्याने थकबाकी कबूल होते, दुसऱ्याने बचाव सोडला जातो आणि तिसऱ्याने ठरलेल्या दिवशी ताबा देण्याचे बंधन येते. बोलण्यात जी तडजोड वाटते, ती कागदावर शरणागती असू शकते. १८७६ मधील जर्मन स्थलांतरिताची अडचण केवळ परक्या भाषेची होती. येथे इंग्रजी मातृभाषा असलेला भाडेकरूही परक्या भाषेतच सही करीत असतो.

११ ऑगस्ट २०१७ रोजी न्यूयॉर्क हे बेदखलीच्या दाव्यात निर्धन भाडेकरूस वकिलाची कायदेशीर हमी देणारे पहिले अमेरिकन शहर झाले. दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंतच्या भाडेकरूंना ती लागू झाली. जून २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी उत्पन्नाची अट न ठेवता हा अधिकार मान्य केला. २०१९ मध्ये क्लीव्हलंड व फिलाडेल्फिया, २०२० मध्ये बोल्डर आणि २०२१ मध्ये वॉशिंग्टन, मेरीलंड व कनेक्टिकट ही राज्ये त्याच मार्गाने गेली. बोल्डरने खर्चासाठी भाड्याच्या घरांवर परवाना-शुल्क बसविले, तर क्लीव्हलंडमध्ये धर्मादाय देणग्यांचा वाटा होता. अधिकाराच्या खाली दान पुन्हा उभे असल्याचे हे उदाहरण बोलके आहे.

६

करोनाच्या साथीत केंद्राने बेदखलीवर घातलेली तात्पुरती बंदी सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०२१ रोजी उठविली. त्यानंतर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने बेदखलीपासून संरक्षणासाठी दहा विधिसेवा संस्थांना एकूण २ कोटी डॉलर दिले आणि २०२२ मध्ये आणखी तेवढीच रक्कम अन्य संस्थांना दिली. केवळ भाडेकरूंच्या कायदेशीर बचावासाठी वेगळे केंद्रीय अनुदान निघावे, ही गोष्ट महत्त्वाची खरी. परंतु महामंडळाचा पूर्वेतिहास पाहता, असे अनुदान एका अर्थसंकल्पापासून दुसऱ्या अर्थसंकल्पापर्यंतच सुरक्षित असते.

उलट, नुसता अधिकारही पुरेसा नाही. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याची बंदी संपताच दाव्यांची संख्या वाढली. वकील तितके नव्हते, आणि ज्यांना कायद्याने वकील मिळावयाचा त्यांपैकी अनेक जण एकटेच उभे राहिले. अधिकार कायद्याच्या पुस्तकात लिहिला जातो, पण तो वकिलाच्या पगारपत्रकावर अवलंबून असतो. दान, अनुदान व अधिकार या तिन्ही अवस्था म्हणूनच एकीवर एक चढलेल्या थरांप्रमाणे आजही एकत्र नांदताना दिसतात. कोणत्याही विधिसेवा योजनेचे परीक्षण करताना ती अधिकार देते की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तिचा पैसा कोण देतो, तो किती मुदतीसाठी देतो आणि त्या बदल्यात वकिलाने कोणत्या विषयी मौन पाळावे लागते, हे तीन प्रश्नही विचारले पाहिजेत. गेल्या दीडशे वर्षांत भाडेकरूचे घर राहिले की गेले, हे या तीन उत्तरांवर वारंवार अवलंबून राहिले आहे.