लोणंदहून मसूरकडे : माहितीपट शिकू इच्छिणाऱ्यांसाठी एक ऐतिहासिक टिपण

खंडाळा तालुक्यातील लोणंद हे गाव उर्वरित महाराष्ट्रास कांद्याच्या बाजारपेठेमुळे आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामामुळे परिचित आहे. वारीच्या दिवसांत येथे कॅमेऱ्यांची दाटी होते. पालखी तरडगावच्या वाटेला लागली की कॅमेरेही तिच्यामागून निघून जातात. गावात उरतात ती माणसे आणि त्यांचा अचित्रित इतिहास. विहारात जमणाऱ्या तरुणांपैकी एखाद्यास या इतिहासावर दहा-पंधरा मिनिटांचा माहितीपट करावयाचा असेल, तर त्याने आरंभ कोठून करावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत टिपणात आम्ही करणार आहोत. यंत्राची अडचण आज फारशी उरलेली नाही. मोबाईलवरही पुरेसे स्वच्छ चित्रण होते. अडचण आहे ती पुराव्याची. आणि पुराव्याचे दोन मोठे धडे लोणंदच्या स्टेशनातून जाणाऱ्या रुळांवरच आहेत, असे आम्हास वाटते.

लोणंद पुणे-मिरज लोहमार्गावर आहे. याच मार्गाने दक्षिणेस गेले की कऱ्हाडच्या अलीकडे मसूर लागते. १९०१ साली बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून आगगाडीने या मसूर स्टेशनावर उतरली. वडील रामजी सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. मुलांनी धाडलेले पत्र वडिलांच्या हाती वेळेवर पडले नाही, त्यामुळे उतरवून घेण्यास कोणी आले नाही. नव्या कपड्यांतील ही मुले पाहून स्टेशनमास्तरांनी आधी आस्थेने चौकशी केली. ती महार असल्याचे कळताच ते मागे सरले. एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालत यावे, अशा अटीवर एकजण राजी झाला. शिदोरी बरोबर असूनही पाण्यावाचून त्या मुलांना रात्र काढावी लागली. हा सारा वृत्तांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे इंग्रजीत स्वहस्ते लिहिला. ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ या नावाने तो पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रकाशित केला.

या प्रसंगाचे एकही छायाचित्र नाही. येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. त्याच १९०१ सालच्या डिसेंबरात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी, केंब्रिजहून गणितातील रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या मुंबईतील स्वागताचे चलच्चित्रण केले. भारतीय वार्तापटाचा आरंभ म्हणून त्याचा उल्लेख होतो. म्हणजे मराठी माणसाच्या हाती त्या वर्षी कॅमेरा आलेला होता. तो मसूरला नव्हता इतकेच. सावेदादांना दोष देण्याचा हेतू येथे नाही. कॅमेरा मोठा खर्चिक, शहरात राहणारा आणि स्वागत-समारंभांना जाणारा. मात्र पडद्यावर जे दिसत नाही ते घडलेच नाही, अशी समजूत ज्या काळात रुजत चालली आहे, त्या काळात ही अनुपस्थितीदेखील इतिहासाचा भाग म्हणून सांगितली गेली पाहिजे.

मग मसूरचा प्रसंग दाखवावा कसा? सर्वसाधारण उत्तर असे की, एखाद्या शाळकरी मुलास जरीची टोपी घालून बैलगाडीत बसवावे आणि मागे सनईचे करुण सूर सोडावेत. आम्हास हा मार्ग मान्य नाही. तो कथापटात शोभतो. माहितीपटात तो प्रेक्षकाच्या डोळ्यांत खोटा पुरावा पेरतो. आपल्या परंपरेतच याहून चांगला मार्ग आहे. भारहुत आणि सांची येथील प्राचीन शिल्पकारांनी भगवंतांना मानवी रूपात कोरले नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष, पावलांचे ठसे एवढ्यावर त्यांनी उपस्थिती सूचित केली. भारहुतला तर अनेक शिल्पांखाली ब्राह्मी अक्षरांत प्रसंगाचे नावही कोरलेले आहे. रिकामे फलाट, गोरेगावच्या दिशेने जाणारी वाट, एक कोरडी घागर आणि सोबत बाबासाहेबांच्या वृत्तांताचा संथ आवाजातील गोषवारा; एवढे पुरे आहे.

तथापि रिकामे फलाट दाखवितानाही सावधगिरी हवी. हा मार्ग त्या काळी मीटरगेज होता. आजचे रुंद रूळ १९७० च्या सुमारासच्या रूपांतरानंतरचे. बाबासाहेबांच्या वृत्तांतातील स्टेशन त्यांच्या घरापासून दहा मैलांवर होते. आजचे सातारा स्टेशन शहराच्या बरेच जवळ, माहुलीच्या बाजूस आहे. तेथे कॅमेरा लावून ‘येथूनच ती मुले निघाली’ असे निवेदन करणे चुकीचे ठरेल. उलट जे कागद टिकले आहेत त्यांच्याकडे निःशंकपणे जावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत झालेला त्यांचा प्रवेश, पटावरील १९१४ हा क्रमांक आणि ‘भिवा’ हे नाव, हे सारे नोंदलेले आहे. शाळेच्या पटावरील एक ओळ पडद्यावर पाच सेकंद स्थिर धरली, तर ती बैलगाडीच्या देखाव्याहून अधिक बोलते.

दुसरा धडा १९५६ चा आहे. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. रात्री पार्थिव विमानाने मुंबईस आणले गेले आणि ७ डिसेंबरला राजगृहापासून दादरच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत अथांग जनसागर लोटला. हे दृश्य टिपून ठेवले पाहिजे, हा ध्यास नामदेव व्हटकर यांनी घेतला. व्हटकर लेखक आणि चित्रपट-निर्माते होते. चरित्रनोंदींत त्यांचे जन्मस्थान मसूर असे दिलेले आहे. त्यांनी स्वतःचा छापखाना गहाण टाकून कॅमेरा आणि फिल्म यांची तजवीज केली. आजच्या तरुणास या त्यागाचे माप समजावे म्हणून एक हिशेब सांगतो. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट धावते. हजार फुटांचे रीळ जेमतेम अकरा मिनिटे पुरते. अंत्ययात्रा तर कित्येक तास चाललेली. म्हणजे कॅमेरा केव्हा चालू करावा याहून केव्हा बंद ठेवावा, हा निर्णय पदोपदी घ्यावा लागणार. मोबाईलवर तासन्‌तास चित्रण करून घरी आल्यावर ‘यातले काय घ्यावे’ म्हणून डोके धरून बसणाऱ्यांनी, एखाद्या दिवशी एकूण अकरा मिनिटेच चित्रण करावयाचे असे बंधन स्वतःवर घालून पाहावे. संकलनाचे अर्धे शिक्षण त्यातच होते.

व्हटकरांच्या त्या चित्रणाचे तुकडे आज कोठेही भेटतात. बहुधा नावाविना, तारखेविना, वर कोणतेतरी गीत चढविलेले. हे आम्हास खटकते. पाली सुत्तांच्या आरंभी ‘निदान’ असते. हे वचन कोणी ऐकले, भगवान तेव्हा कोणत्या नगरात, कोणाच्या आरामात विहरत होते, समोर कोण होते, याची साक्ष आधी नोंदवून मगच उपदेश येतो. प्रथम संगीतीत आनंद थेरांना हेच विचारले गेले, अशी परंपरा सांगते. माहितीपटातील प्रत्येक दृश्यालाही असे निदान हवे : कोठे, केव्हा, कोणी टिपले, कोणाच्या संमतीने. वहीत चार रकाने आखून त्याच संध्याकाळी ते भरावेत. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले की दोन फलाटे एकसारखी दिसू लागतात.

चौथा रकाना, म्हणजे संमतीचा, थोडा विस्ताराने सांगणे अवश्य आहे. १९५६ च्या अंत्ययात्रेस वा त्याआधी १४ ऑक्टोबरच्या नागपूरच्या धम्मदीक्षेस आईवडिलांचे बोट धरून गेलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. लोणंद, फलटण, वाई, कोरेगाव या पट्ट्यात अशी कोणी माणसे असतील तर त्यांच्याकडे आजच गेले पाहिजे. हे काम पुढील वर्षावर टाकण्यासारखे नाही. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. ‘तुम्हाला कसे वाटले?’ या प्रश्नाने पाठ केलेले भाषण बाहेर पडते. ‘कोणत्या गाडीने गेलात, बरोबर भाकरी कोणी बांधून दिली, पाणी कोठे प्यालात?’ असे विचारले की आठवण पावले टाकू लागते. पंखा बंद करावा आणि ध्वनिग्राहक बोलणाऱ्याच्या छातीजवळ असावा. चित्र किंचित अंधुक चालते, शब्द अस्पष्ट चालत नाही. बोलणे झाल्यावर त्यांना ते ऐकवावे आणि नको म्हणतील ते वगळावे.

जुने चित्रण जपण्याचे महत्त्व आनंद पटवर्धन यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते. त्यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहाजण बळी पडले. त्यानंतर घोगरे यांनी आपले जीवन संपविले. तेव्हापासून चौदा वर्षे काम करून पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ साली पूर्ण केला. घोगरे यांचा पूर्वी टिपलेला आवाज नसता, तर त्या चित्रपटाचा कणाच राहिला नसता.

सरावासाठी दूर जाण्याचे कारण नाही. लोणंदच्याच तालुक्यात शिरवळजवळ प्राचीन बौद्ध लेणी आहेत. साधी, जवळजवळ अनलंकृत. चैत्यगृहातील स्तूपासमोर कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून सकाळपासून दुपारपर्यंत दर तासाला एक मिनिट चित्रण करावे. प्रकाश कसा सरकतो, गाभ्यात अंधार कोठे राहतो, वाऱ्याचा आवाज निवेदनास कोठे गिळतो, हे शिकविण्यास दुसरा गुरू लागत नाही. त्यानंतर लोणंद स्टेशनावर मिरजेकडे जाणारी गाडी धरावी, मसूरला उतरावे आणि तहान लागेपर्यंत फलाटावर थांबावे. मूळ चित्रणाच्या दोन प्रती काढाव्यात. एक स्वतःकडे आणि दुसरी, निदानाच्या वहीसह, विहाराच्या ग्रंथालयात.